एक एकर अमेरिका

माझ्या हातात दिवसभर एक काठी असते. काठीच्या टोकाला टेबल टेनिसच्या बॅटएवढी पाटी आणि पाटीवर सात हा आकडा. साउथहॅम्प्टनच्या बंदरात सकाळी प्रवासी जहाज लागलं, की असे काठीवाले आम्ही दहाबारा जण टर्मिनलबाहेर उभे राहतो आणि जहाजातून उतरणारी अमेरिकन मंडळी आपापला आकडा शोधत येतात. सातवाले माझे. मी त्यांच्या छातीवर स्टिकर चिकटवतो, त्यांना कोचमध्ये बसवतो आणि त्यांचं सरकार कुठून आलं ते दाखवायला घेऊन जातो.

वाक्य लिहिलं खरं, पण लिहिताना कानशिलं तापली. कारण मी अमेरिका पाहिलेली नाही. तरुणपणी मुंबईला व्हिसासाठी गेलो होतो. काचेपलीकडच्या बाईंनी मला दोन प्रश्न विचारले, माझ्या उत्तरांवर हसल्या आणि पासपोर्ट परत दिला. त्या का हसल्या यावर मी अजूनही अधूनमधून विचार करतो. मग पुण्याच्या कंपनीनं सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी मला इंग्लंडला पाठवलं. काही वर्षांनी कंपनीनं ते काम परत पुण्याला पाठवलं, मला मात्र पाठवायचं विसरली. बायको अनघा इथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. "मी लोकांना झोपवते, तू जागं ठेव," असं म्हणून तिनंच मला गाइडच्या परीक्षेला बसवलं. प्रत्यक्षात लोक माझ्याकडेही झोपतात, पण त्यांच्यावर लक्ष ठेवायला माझ्याकडे यंत्र नाही.

आमच्या सहलीचं नाव 'अमेरिकेची मुळं'. सुरुवातीला बंदराजवळचा एक खांब दाखवायचा. धर्माच्या छळाला कंटाळून अमेरिकेला निघालेली मंडळी आधी इथूनच सुटली, त्याची ती खूण. मग तासाभराचा मोटरवे आणि मग थेम्सकाठचं रनीमीड. रनीमीड म्हणजे एक कुरण. आठशे वर्षांपूर्वी तिथे सरदारांनी राजाला घेरून एका करारावर त्याची मोहोर उमटवून घेतली. त्या मॅग्ना कार्टाचा मथितार्थ एवढाच, की राजासुद्धा कायद्याच्या वर नाही. मोकळ्या माणसाला मनात आलं म्हणून पकडायचं नाही आणि विचारल्याशिवाय पैसे उकळायचे नाहीत. पुढे जे इंग्रज अमेरिकेत जाऊन राहिले त्यांनी हे तत्त्व सामानाबरोबर नेलं, आणि शेवटी त्याच तत्त्वावर बोट ठेवून इंग्लंडच्याच राजाशी भांडण काढलं. मग आपलं स्वतःचं सरकार बनवताना त्यांनी असं धरून चालायचं ठरवलं, की सत्ता मिळाली की माणूस बिघडणारच. म्हणून त्यांनी सत्तेचे तीन भाग केले आणि तिघांचे पाय एकमेकांत अडकवून ठेवले, म्हणजे एकाला पळता येणार नाही.

इंग्रज लोक त्या कुरणात मुख्यतः कुत्री फिरवतात. अमेरिकनांनी मात्र तिथे खांबांचा एक गोल मंडप बांधलाय, आणि बाजूच्या टेकडीवर त्यांच्या मारल्या गेलेल्या एका राष्ट्राध्यक्षाचं स्मारक आहे. त्या स्मारकाभोवतीची एक एकर जमीन ब्रिटननं अमेरिकेला कायमची देऊन टाकली. मालकी अमेरिकेची असली तरी कायदा इंग्लंडचाच चालतो. पण सहलीत एवढं बारीक सांगत बसलं तर चेहरे पडतात. म्हणून मी तिथे काठी उंचावून म्हणतो, "मंडळी, अभिनंदन, तुम्ही अमेरिकेत आलात!" ते टाळ्या वाजवतात. मीही त्यांच्याबरोबर आत जातो, विनाव्हिसा, आणि दर वेळी मला कोणीतरी खांद्यावर हात ठेवील असं वाटतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका बाईंनी कुरणातल्या गवताकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे तेव्हाचंच का?" मी म्हणालो, "घराणं तेच." त्यांनी पाच पाती पर्समध्ये ठेवली. पूर्वजांनी इंग्रजांचा चहा समुद्रात बुडवला होता, त्याला जागून बॉस्टनचे एक गृहस्थ तत्त्व म्हणून चहा घेत नसत. टीरूममध्ये कॉफी मागत आणि ती पिताना त्यांच्या चेहऱ्यावर स्वातंत्र्याची पूर्ण किंमत दिसे. एक टेक्सासवाला मला परत परत विचारत होता, की त्या दिवशी सरदारांजवळ हत्यारं होती ना? होती म्हटल्यावर त्यानं समाधानानं सीट मागे केली आणि झोपला.

आता नियमाची एक गोष्ट सांगायला हवी. जहाज कंपनीच्या स्वतःच्या सहली असतात, त्यांचा कोच अडकला तर जहाज थांबतं. आमची कंपनी लहान, बाहेरची आणि स्वस्त. आमच्यासाठी जहाज थांबत नाही. म्हणून ऑफिसचा नियम असा, की एक प्रवासी वेळेवर आला नाही तर थोडं थांबायचं, फोन करायचा आणि बाकीच्यांना घेऊन निघायचं. राहिला त्यानं पुढचं बंदर स्वतः गाठायचं. पुढचं बंदर पुष्कळदा आइसलंडात असतं, आणि त्या माणसाचा पासपोर्ट आणि औषधं केबिनमध्ये असतात. सुदैवानं हा नियम मला कधी वापरावा लागला नव्हता. कोणाला मागे सोडायचं हे ठरवणं माझ्या प्रकृतीला झेपणारं नाही. दुकानात शेवटचा ब्रेड उचलला तरी मागे येणाऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर येतो.

मोटरवेवर तासभर काही दिसत नाही. तो वेळ भरायला मी एक खेळ काढला होता. कोचमधल्या लोकांनी कोचचं सरकार बनवायचं. एक अध्यक्ष, एक न्यायाधीश, बाकी सगळे सभागृह. तत्त्वं गळी उतरतात आणि झोप कमी लागते. घटनेचा मसुदा मात्र माझाच. तो अमेरिकेच्या घटनेवरून घेतलाय असं मी सांगत असे. बराचसा तो कोथरूडच्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींवरून घेतला होता. माझे वडील त्या सोसायटीचे वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते आणि लोकशाही मी त्यांच्या मांडीवर शिकलो. ठरावाला सूचक आणि अनुमोदक हवा. अध्यक्षानं तटस्थ राहायचं, स्वतः ठराव मांडायचा नाही. सभेला दोन तृतीयांश गणसंख्या हवी. ती नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि त्यानंतर त्याच ठिकाणी भरणाऱ्या सभेला गणसंख्येची गरज नाही. पुण्यातली सोसायटीची एकही सभा या शेवटच्या कलमाशिवाय झालेली मला माहीत नाही. अमेरिकनांना ते फार आवडे. "किती शहाणपणाचं!" म्हणत.

गेल्या जूनमधल्या त्या दिवशी कोच चालवायला शर्मिला होती. शर्मिला लंडनजवळच्या स्लाऊची, तिचे आजोबा नागपूरहून आलेले. जन्म, शाळा, लग्न, घटस्फोट सगळं स्लाऊत. मराठी घरात ऐकून आलेलं. मला काका म्हणते आणि आदरार्थी बोलायचा मनापासून प्रयत्न करते.

"काका, आजचा ट्रॅफिक वाईट होणार," ती सकाळीच म्हणाली. "एम थ्रीचा एक लेन बंद आहे. तुम्ही तुमचा गवर्नमेंट जरा फास्ट करा, हं?"

अध्यक्ष निवडून आला डेल. ओहायोचा मोटारविक्या, मोठा आवाज, मोठी टोपी, आणि कोणाशीही दोन वाक्यांत मैत्री. न्यायाधीश म्हणून आल्या ज्युडिथबाई, जॉर्जियाच्या. त्या खरोखरच निवृत्त न्यायाधीश होत्या, पण वाहतुकीच्या कोर्टाच्या. त्यामुळे त्या सारख्या शर्मिलाच्या स्पीडोमीटरकडे बघत होत्या.

आणि पहिल्या रांगेत होत्या लॉरेनबाई. अलाबामाच्या, एकोणऐंशी वर्षांच्या, एकट्याच आलेल्या. पोस्टातून निवृत्त. पिवळी हॅट, हातात काठी. त्या दिवशी कोचमध्ये कृष्णवर्णीय त्या एकट्याच. हे मी आज लिहितोय. त्या दिवशी माझ्या लक्षात एवढंच आलं, की हॅट छान आहे.

मी घटनेचं पहिलं वाक्य वाचलं, "आपण सगळे, या कोचचे प्रवासी." त्यांनी काठी वर केली.

"या 'आपण सगळे'मध्ये नक्की कोण कोण आहे?"

"कोचमधले सगळे!" मी खूश झालो. असे प्रश्न कोणी विचारत नाही.

"ड्रायव्हरसुद्धा?"

"मला नको," शर्मिला आरशात बघून इंग्रजीत म्हणाली. "मी फक्त चालवते."

"असंच सुरू होतं," लॉरेनबाई म्हणाल्या. मतदान झालं तेव्हा त्यांचा हात वर नव्हता. विरोध नोंदवू का विचारलं, तर म्हणाल्या, "घाई नाही. आधी तुमचं सरकार काय करतं ते बघू."

आमचं सरकार नेहमी एकच काम करतं. कोचच्या धंद्यात भांडण एकाच गोष्टीवरून होतं, पुढच्या सीटवरून. लवकर आलेले पुढे बसतात आणि बाकीचे दिवसभर त्यांच्या मानेकडे रागानं बघतात. त्यामुळे कायदा क्रमांक एक ठरलेला: जागा चिठ्ठ्या टाकून बदलायच्या. सर्व्हिस स्टेशनवर थांबलो, डेलच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. डेलला पहिली रांग आली. लॉरेनबाईंना शेवटची, टॉयलेटला लागून.

मी ते मोठ्यानं वाचलं. कोच एकदम गप्प झाला. आमच्याकडे भिशीची चिठ्ठी निघाली की कसा गलका होतो ते मला माहीत आहे, त्यामुळे ही शांतता मला शिस्तीची वाटली. डेल टोपी हातात घेऊन उभा होता. ज्युडिथबाई पहिल्यांदाच स्पीडोमीटर सोडून बाहेर बघत होत्या, आणि बाहेर कचऱ्याचे डबे होते.

"असं आहे का," लॉरेनबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स घेतली आणि काठी टेकत शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या. मी मदतीला हात पुढे केला होता. तो त्यांनी घेतला नाही.

"काका," शर्मिला हळूच म्हणाली, "समथिंग इज ऑफ. हा बरोबर नाही वाटत."

"चिठ्ठीनं निघालंय, शर्मिला. यापेक्षा न्याय्य काय असणार?"

हे मी म्हणालो. याच तोंडानं.

रनीमीडला सगळं नेहमीसारखं झालं. मंडप झाला, टेकडी झाली, एक एकर झाला, टाळ्या झाल्या. मग टीरूम आणि टॉयलेटसाठी वेळ दिला. निघायच्या वेळी कोचपाशी डोकी मोजली तर एक कमी. टीरूममध्ये बघितलं, मंडपात बघितलं. शर्मिलानं कोचच्या पायरीवरून टेकडीकडे बोट केलं.

"तो पिवळी हॅट काय आहे वरती?"

मी पळत चढलो. तिथली वाट झाडीतून जाते, लहान लहान दगडांच्या पायऱ्यांची. वर स्मारकाजवळ लॉरेनबाई बसल्या होत्या, काठी गुडघ्यांवर आडवी.

"बाई, निघायचंय! जहाज..."

"तुम्हीच म्हणालात ना, ही जमीन अमेरिकेची?"

"हो. म्हणजे, साधारण..."

"मग मी माझ्या देशात बसले आहे. तुमच्या कोचच्या सरकारला मी मान्यता देत नाही." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्याकडे व्हिसा आहे?"

मी खरोखर एक पाऊल मागे सरकलो.

त्यांना हसू आलं, पण त्या उठल्या नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही लोकांना एवढं सांगता. आमच्याकडे बसमध्ये मागे कोण बसायचं, हे कधी सांगता का?"

मला माहीत होतं. हेच तर सगळ्यात वाईट. परीक्षेसाठी मी वाचलं होतं: त्यांच्या राज्यात कायदाच होता, गोऱ्यांनी बसमध्ये पुढे बसायचं आणि काळ्यांनी मागे. मार्कही चांगले पडले होते. पण ते माझ्या डोक्यात एका कप्प्यात होतं आणि टॉयलेटजवळची सीट दुसऱ्या कप्प्यात.

"मी तेव्हा शाळेत होते," त्या म्हणाल्या. "माझी आई वर्षभर पायी कामाला गेली, पावसात, थंडीत. मागे बसायचं नाही म्हणून बसलाच शिवली नाही. आणि मी एकोणऐंशीव्या वर्षी, माझ्या पैशानं, सुट्टीवर येऊन मागे बसले. टोपीतल्या चिठ्ठीमुळे."

मी घाईघाईनं म्हणालो, "बाई, माझी सीट घ्या. डेलची देतो. कुठलीही..."

"दया नको. कायदा तुम्ही केलात ना? मग तो मोडू नका, बदला. मी इथेच मत देईन. माझ्या देशात."

"जहाज निघून जाईल."

"जाऊ दे. तुमच्या ऑफिसचा काय नियम आहे?"

मी नियम सांगितला. का सांगितला देव जाणे. खोटं बोलायला पाहिजे होतं. त्यांनी मान डोलावली. "म्हणजे बाकीच्यांना घेऊन निघायचं. बघा मग."

त्यांची रक्तदाबाची गोळी जहाजावर होती, पासपोर्ट जहाजावर होता, आणि त्या आइसलंडपेक्षा अवघड जागी ठाम बसल्या होत्या. मी खाली आलो. डेल आणि ज्युडिथबाई कोचपाशी होते. मी हात जोडून म्हणालो, सभा बोलवा, कायदा बदला.

"गणसंख्या नाही," डेल म्हणाला. त्याचा चेहरा बिटासारखा लाल. "तू वर गेलास तसे निम्मे परत टीरूमच्या रांगेत गेले, तीनचार जण मंडपात फोटो काढतायत. घटनेत लिहिलंय, दोन तृतीयांश."

"मग तहकूब करा. अर्ध्या तासानं गणसंख्या लागत नाही."

"काका!" शर्मिला ओरडली. "हाफ अवर? आर यू मॅड? जहाज काय तुमचा सोसायटी आहे?"

आणि मला बाबा आठवले. त्यांच्या सभेतही अर्धा तास थांबायला कोणाला वेळ नसे. बाबा घड्याळाकडे न बघता विचारत, "अर्धा तास झाला असं सभेचं मत आहे का?" सभा म्हणे, "आहे." मग झाला.

"प्रथा अशी आहे," मी म्हणालो, "की अर्धा तास झाला की नाही हे सभा मतानं ठरवते."

ज्युडिथबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ही प्रथा जुनी आहे?"

"फार जुनी."

"या भूमीतली?"

"लोकांमधली," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा वर सरकवला. "न्यायालयाला ती ग्राह्य वाटते. चला."

मतदान करणारी बाई टेकडी उतरणार नव्हती, म्हणून सभाच टेकडी चढली. सत्तरीपुढची दहाबारा माणसं, गुडघे धरत, पाण्याच्या बाटल्या घेऊन, त्या दगडी पायऱ्या चढत होती. एकाचा श्वास लागला तर दुसऱ्यानं त्याला मागून ढकललं. वर पोचून सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले. कुत्रं फिरवणारा एक इंग्रज गृहस्थ आदरानं थांबला. त्याला वाटलं, पुष्पचक्र आहे.

अर्धा तास झाला असं सभेनं एकमुखानं ठरवलं. मग मी विचारलं, "ठराव कोण मांडतो?"

कोणी बोलेना. सगळे जमिनीकडे. तेव्हा मला कळलं, की सकाळच्या त्या शांततेत प्रत्येकाला सगळं दिसलं होतं. दिसलं नव्हतं ते फक्त मला. आणि प्रत्येक जण दुसरं कोणीतरी बोलेल म्हणून थांबला होता.

"अरे, मी सकाळपासून मांडायचं म्हणतोय!" डेल एकदम फुटला. "त्या सीटवर मला बसवत नव्हतं! पण अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही, असं तुझ्याच घटनेत आहे ना, मित्रा? सातवं कलम! मी तीनदा वाचलं!"

"मग राजीनामा द्या," बसल्या जागेवरून लॉरेनबाई म्हणाल्या.

"देता येतो?"

"आपल्या एका राष्ट्राध्यक्षानं दिलाय याआधी. जगबुडी झाली नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

डेलनं टोपी काढली, राजीनामा दिला, टोपी घातली आणि ठराव मांडला. ज्युडिथबाईंनी अनुमोदन दिलं. मग न्यायाधीशाला अनुमोदन देता येतं का, अशी हरकतही त्यांनीच घेतली आणि फेटाळली. ठरावाचे शब्द लॉरेनबाईंनी सांगितले: "कोणाच्याही मतानं किंवा चिठ्ठीनं कोणालाही मागे पाठवलं जाणार नाही." हात वर झाले. त्यांनी काठी वर केली.

मी सुस्कारा सोडला. "चला!"

"एक मिनिट. ड्रायव्हरचं मत?"

मी शर्मिलाला फोन लावला. ती खाली इंजिन चालू करून बसली होती. काय विचारतोय ते पुरतं ऐकूनही न घेता ती ओरडली, "येस, येस, सगळ्याला येस! आता खाली ये, काका!" घाईत तिचा आदरार्थी सुटला. ठराव मंजूर झाला आणि लॉरेनबाई उठल्या.

परतीच्या वाटेवर त्या पहिल्या रांगेत बसल्या. डेल न सांगता टॉयलेटजवळ जाऊन बसला आणि दार कोणी उघडलं की "गुड आफ्टरनून" म्हणू लागला. एम थ्री मोटरवेची लेन बंदच होती. गाड्या चिकटून उभ्या. मी ऑफिसला फोन केला. ऑफिस म्हणालं, जहाज थांबणार नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, सॉरी. सदतीस माणसं माझ्या मागे बसली होती आणि एकीला वाचवायला मी सगळ्यांनाच बुडवलं होतं. नियम नेमका याच्यासाठी होता. मी मायक्रोफोन बंद करून मांडीवर ठेवला.

"डावीकडे मेंढ्या," लॉरेनबाई शेवटी म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "कोणीतरी सांगायला हवं म्हणून सांगते."

टर्मिनलला पोचलो तेव्हा बाहेर एकही काठीवाला नव्हता. काचेच्या दारात जहाजाचा एक अधिकारी उभा, पांढरा गणवेश, हातात वॉकीटॉकी. त्याच्या मागे लांबलचक हॉल, हॉलच्या टोकाला सामान तपासायचा पट्टा, त्यापुढे जहाज. आमचे लोक कोचमधून उतरून त्याच्यासमोर गोळा झाले.

"या ग्रुपला जबाबदार कोण?" तो गरजला.

दिवसभर ज्या मंडळींनी अध्यक्ष नेमला, अध्यक्षाचा राजीनामा घेतला, न्यायालय चालवलं, काळसुद्धा मतानं पुढे सरकवला, त्या सगळ्यांनी एकही क्षण न दवडता माझ्याकडे बोट केलं. सूचक नाही, अनुमोदक नाही. डेलनं केलं, ज्युडिथबाईंनी केलं, कोचमधून शर्मिलानंही केलं. लॉरेनबाईंनी काठीनं केलं.

"आत जा, पळा," अधिकारी त्यांना म्हणाला. मग माझ्याकडे वळला आणि सुरू झाला. किती वाजले, बंदराचे नियम काय, एका जहाजाला उशीर झाला की काय काय होतं. लोक त्याच्या पाठीमागून आत घुसले आणि हॉलमधून पळाले. सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसं स्टिकर फडफडवत पळत होती. लॉरेनबाई पळत नव्हत्या. कोणीतरी व्हीलचेअर आणली, ती त्यांनी हातानं बाजूला केली. आपल्या चालीनं चालत होत्या. हॉल फार लांब होता.

अधिकाऱ्याचं बोलणं संपत आलं. अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर गेला. जहाजाचं दार बंद करा, एवढं बोलायचं बाकी होतं.

"माफ करा," मी म्हणालो.

अंगठा थांबला. इंग्रज माणूस माफीच्या मध्ये बोलत नाही, तो ऐकून घेतो. मी उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. मग लेन बंद असल्याबद्दल मागितली. त्याच्या जेवणाची वेळ टळली असेल म्हणून मागितली, आणि जेवण झालं असेल तर मी तसं गृहीत धरलं याबद्दल मागितली. सकाळी स्टिकर तिरके लावले होते, ते सांगितलं. गवताचं घराणं सांगितलं. एका माणसाला माझ्यामुळे परतीच्या वाटेवर टॉयलेटजवळ बसावं लागलं, ते सांगितलं, आणि त्याआधी दुसऱ्या एका बाईंना बसावं लागलं, ते सांगितलं. ते सांगताना माझा आवाज बिघडला, तो मी बिघडवलेला नव्हता. अधिकारी अस्वस्थ झाला. तो "बरं, बरं," म्हणत होता, घड्याळाकडे बघत होता, पण एक शिष्टाचार त्याला धरून ठेवत होता आणि त्या शिष्टाचारात मी पाय रोवून उभा होतो. त्याच्या खांद्यावरून काचेपलीकडे पिवळी हॅट हळूहळू लहान होत होती. पट्ट्यापाशी थांबली. पर्स ट्रेमध्ये ठेवली, काठी ठेवली, काठी परत घेतली. माफी मागत मागत मी व्हिसाच्या खिडकीतल्या बाईंपर्यंत आलो होतो.

"सर," अधिकारी शेवटी कळवळून म्हणाला, "झालं का तुमचं?"

मी काचेतून पाहिलं. हॅट दिसत नव्हती.

"झालं," मी म्हणालो.